दोन बोटं ढील

आमचे दादा गाडीविषयी बोलताना घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत. "आज जरा रुसलीय," "आज खुशीत आहे," "तिला पाऊस आवडत नाही." शेवटच्या दोन-तीन वर्षांत मात्र ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागले होते, "अरे, हल्ली गाडी ऐकत नाही."

मी दर वेळी हसून विषय बदलत असे. गाडी विशीत पोचलेली, दादा सत्तरी ओलांडलेले. कोण कोणाचे ऐकत नाही, हा प्रश्न मला पडत नव्हता. उत्तर मी आधीच ठरवून टाकले होते. चहाचा कप उचलताना दादांच्या हाताला सूक्ष्म कंप येई, तो मी पाहिला होता. महामार्गावर गाडी डावी-उजवीकडे किंचित झुलते, हेही शेजारी बसून पाहिले होते. दोन्हींची बेरीज करायला फारशी हुशारी लागत नाही. २०१७ च्या दिवाळीत मी पुण्याला गेलो, पुतण्याला बाजूला घेऊन बोललो आणि गाडीची किल्ली दादांच्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवायला लावली. दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान झाल्यावर नेहमीप्रमाणे गाडी पुसायला मात्र गेले. पुढच्या वर्षी ते गेले.

हे सगळे आठवायचे कारण, गेल्या दोन वर्षांत त्या गाडीच्या स्टेअरिंगपायी मी जे काही शिकलो, त्यात मोटारीचा भाग निम्माच आहे.

गाडी मर्सिडीजची, ई २२०. कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू १२४. जर्मनीत हे मॉडेल १९८४ च्या अखेरीस आले. मर्सिडीजने टेल्कोशी भागीदारी करून १९९४ मध्ये पुण्यात कंपनी स्थापन केली आणि १९९५ पासून पिंपरीत हीच गाडी जोडली जाऊ लागली. गंमत अशी, की त्याच साली तिकडे जर्मनीत तिची जागा घेणारी, चार गोल दिव्यांची नवी गाडी बाजारात आली होती. म्हणजे मोठ्या घरच्या मुलाचा जरा जुना झालेला कोट आपल्या वाट्याला आला. पण कापड अस्सल होते. दादांचे सारे आयुष्य पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेले. कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्यांनी या गाड्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना पाहिल्या होत्या. १९९६ ची एक गाडी २००४ मध्ये, दुसऱ्या हातची, त्यांनी घेतली. निवृत्तीच्या पैशांतून घेतली म्हणून घरात थोडी कुरबुर झाली. वहिनी तेव्हा एवढेच म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं बसनं गेलेत. जाऊ देत आता."

२०१९ मध्ये वहिनी बेळगावला मूळ घरी राहायला आल्या आणि त्यांच्यामागून गाडीही आली. एमएच १२ ची पाटी घेऊन आलेली गाडी आमच्या बोळात उभी राहिली तेव्हा येणारा-जाणारा आधी पाटी वाचायचा आणि मग गाडी पाहायचा. सीमाभागातली ही जुनी खोड आहे. आधी लिपी वाचायची, मग माणूस. यथावकाश ना-हरकत दाखला, कर, हेलपाटे असे सगळे सोपस्कार होऊन तिची पाटी केए २२ झाली. कोविडची दोन वर्षे ती झाकणाखाली उभीच होती. २०२२ मध्ये मी पहिल्यांदा ती नीट चालवली आणि कोल्हापूरच्या रस्त्याला लागताच माझ्या लक्षात आले, की गाडी खरोखरच ऐकत नाही.

नेमके काय होत होते, ते सांगतो. सरळ रस्त्यावर चाक डावीकडे दोन बोटे फिरवले तरी गाडीला पत्ता नसे. दोन बोटे संपली की एकदम जाग येऊन ती डावीकडे वळे, अपेक्षेपेक्षा थोडी जास्तच. मग उजवीकडे सावरायचे, तर पुन्हा मधली ती दोन बोटे रिकामी. बाजूने मोठा ट्रक गेला की वाऱ्याच्या झोताने गाडी सरके. घरी आलो तेव्हा खांदे भरून आले होते. वहिनींना म्हणालो, "जुनी गाडी, चालायचंच." त्यांनी नुसते पाहिले.

मग मी शहाणपणा केला. गावातल्या एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये गाडी नेली आणि रोगाबरोबर औषधही मीच सांगितले, "स्टेअरिंगला प्ले आलाय, घट्ट करून द्या." त्यांनी आधी कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली, पडद्यावर सगळे आकडे हिरवे दाखवले. तरी ढील राहिलीच. पंधरवड्याने पुन्हा केली, पुन्हा हिरवे. तिसऱ्या वेळी मी आवाज चढवला, तेव्हा तिथल्या पोराने स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू पिळला. दोन बोटांची ढील गायब! चाक मुठीत कसे ठाम बसले. मी खूष होऊन बक्षिशी दिली.

त्याच आठवड्यात वहिनींना गोव्याला देवदर्शनाला न्यायचे होते. जांबोटी, कणकुंबी करत आम्ही चोर्ल्याच्या घाटात उतरलो. तुम्ही कधी गाडी चालवली असेल तर एक गोष्ट हातांना ठाऊक असते, भले ती डोक्याला ठाऊक नसो. वळण घेऊन झाले की चाक आपोआप सुटून सरळ होऊ लागते. आपण ते फक्त तळव्यातून घसरू द्यायचे. उतारावरच्या एका उजव्या वळणानंतर मी सवयीने पकड सैल केली, आणि चाक जागचे हललेच नाही. उजवीकडे वळलेले, तसेच राहिले. गाडी रस्त्याच्या मधून पलीकडे निघाली आणि समोरून बस येत होती. मी दोन्ही हातांनी चाक ओढून सरळ केले, ब्रेक दाबला. बसवाल्याने त्याच्या बाजूने डोंगराला खेटवली म्हणून आम्ही वाचलो. ओटीचा नारळ सीटवरून घरंगळत वहिनींच्या पायाशी गेला होता. तो उचलून पिशवीत ठेवेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दर्शन झाले. परतताना म्हणाल्या, "भावोजी, मी बसनं येते. तुम्ही सावकाश या." मी एकटा गाडी घेऊन आलो. इतका एकटा प्रवास मी आयुष्यात केला नव्हता.

उद्यमबागेच्या मागच्या अंगाला एक छोटे गॅरेज आहे. पत्र्याची शेड, जमिनीत खणलेला खड्डा आणि भिंतीवर गणपती. तिथले मिस्त्री साठीचे. घरची भाषा कन्नड, धंद्याची मराठी, हेल्परांशी बोलायची हिंदी-उर्दू, आणि शिव्या मात्र तिन्ही भाषांत समान वाटलेल्या. बेळगावात हे वेगळे सांगायला नको. त्यांनी गाडी सुरू केली, चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नेले आणि विचारले, "ह्याला कोण आवळलंय काका?"

मी म्हणालो, "मीच आवळायला लावलं."

"बरं केलासा," ते म्हणाले. "रोग पायात, औषध डोक्याला."

त्यांनी मला चालकाच्या जागी बसवले आणि स्वतः खड्ड्यात उतरले. इंजिन चालू ठेवून मी चाक अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवत राहायचे आणि ते खालून एकेका सांध्यावर हात ठेवून पाहणार. "स्वल्प एडक्के," खालून आवाज येई, "स्वल्प बलक्के. साकु." थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, पुरे. मी लहानपणापासून कन्नड ऐकतो, बाजारहाट करतो. पण कुणी कन्नडातून सांगावे आणि मी मुकाट्याने तसे करावे, असा अर्धा तास माझ्या आयुष्यात बहुधा पहिलाच.

मग त्यांनी मला खड्ड्यात बोलावले, हेल्परला वर बसवले आणि बोटाने दाखवत गेले. चाकाचा दांडा खाली येतो तिथे एक कपलिंग. पुढे स्टेअरिंग बॉक्स. बॉक्सच्या दांडीला जोडलेला, गाडीच्या रुंदीत आडवा जाणारा सेंटर रॉड. त्याचे दुसरे टोक पलीकडे तोलून धरते ती आयडलर आर्म. सेंटर रॉडपासून दोन्ही चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड, त्यांच्या टोकांना बॉल जॉइंट. शिवाय रस्त्याचे हिसके चाकापर्यंत पोचू नयेत म्हणून आडवा बसवलेला डॅम्पर. म्हणजे माझ्या हातापासून रस्त्यापर्यंत निरोप जायचा तर वाटेत इतकी माणसे. प्रत्येकाने निरोपातला केसभर भाग जरी गाळला, तरी शेवटच्याला काय ऐकू येणार?

"हे बघा," मिस्त्री म्हणाले. वर चाक हलत होते आणि पलीकडची आयडलर आर्म आडवी सरकण्याआधी वर उचलली जात होती. आतले बुश खाऊन संपले होते. डाव्या टाय रॉडचा एक सांधा बोटाला खडखड लागत होता. कपलिंगमध्ये ढील. डॅम्परमधले तेल केव्हाच गळून गेले होते. सुटा करून हाताने दाबला तर सायकलच्या पंपासारखा फसकन आत गेला. टायरची नक्षी चांगली होती, म्हणून ते मी बदलले नव्हते. मिस्त्रींनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर २०११ चे होते. नक्षी शाबूत, रबर लाकूड झालेले.

"आणि तुम्ही अलाइनमेंट तीनदा केलासा," ते म्हणाले. "सांधे हलतात त्या गाडीची अलाइनमेंट म्हणजे झोपाळ्यावर बसवून पोराची उंची मापल्यासारखं. मापताना बरोबर, उतरला की चूक."

आणि मग, हात पुसत, अगदी सहज, "हे एक-दोन वर्षांचं काम नाही काका. सात-आठ वर्षं तरी झाली असतील. चालवणाराची कमाल म्हणायची. हात पक्का असणार माणसाचा."

सात-आठ वर्षे. मी मनातल्या मनात मागे मोजत गेलो आणि २०१७ च्या दिवाळीवर येऊन थांबलो. दादांचे हात थरथरत नव्हते असे नाही. पण महामार्गावर झुलत होती ती गाडी. ते रोज दोन बोटांची पोकळी आपल्या हातांनी भरून काढत होते, आणि आम्ही त्या सावरण्यालाच थरथर म्हणत होतो. खड्ड्यातून वर येताना मिस्त्रींनी हात दिला. तो घट्ट धरून वर आलो.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले, कारण सुटे भाग पुण्याहून बसच्या पार्सलने येत. आयडलर आर्मच्या बुशांचा संच तर माझ्या तीन अलाइनमेंटपेक्षा स्वस्त पडला. या तीन आठवड्यांत मी गॅरेजच्या बाकावर बसून जे वाचले, विचारले, त्यातले थोडे सांगण्यासारखे आहे.

बैलगाडीत बैल वळले की जू वळते, जुवाबरोबर गाडी वळते. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा सबंध कणाच मध्यावर फिरायचा. पण वळताना आतले चाक लहान वर्तुळात जाते, बाहेरचे मोठ्या. दोघांचा कोन वेगळा हवा. १८१६ च्या सुमारास म्युनिकच्या एका गाडीकाराने, गेओर्ग लांकेनश्पेर्गरने, प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर फिरेल अशी रचना काढली. तिचे इंग्लंडमधले पेटंट १८१८ मध्ये त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने घेतले आणि जगभर नाव झाले ते प्रतिनिधीचेच. कार्ल बेन्झची १८८६ ची पेटंट मोटार तीन चाकांची होती. पुढे एकच चाक, म्हणून वळवायची भानगड कमी. चार चाकी गाडी नीट वळवण्याचे स्वतःचे पेटंट त्याने १८९३ मध्ये घेतले. म्हणजे ज्याने मोटार धावती केली, त्यालाही ती मनासारखी वळवायला आणखी सात वर्षे लागली. हे वाचून मला थोडा धीर आला.

आता तो बॉक्स. चाकाच्या दांड्याच्या टोकाला आटे पाडलेला एक जाड स्क्रू असतो. त्यावर एक नट. स्क्रूचे आटे आणि नटाचे आटे एकमेकांना घासत नाहीत. त्यांच्या खोबणीत पोलादी गोळ्या भरलेल्या असतात. स्क्रू फिरला की गोळ्या गडगडत जातात, एका टोकाने नळीतून बाहेर पडतात आणि दुसऱ्या टोकाने परत आत येतात. नट पुढे-मागे सरकतो, त्याचे दाते दुसऱ्या एका दातेरी दांड्याला फिरवतात आणि तिथून निरोप चाकांकडे जातो. जोराला मदत तेलाच्या दाबाची. फार सुखद रचना. खड्ड्याचा हिसका हाताला जाणवत नाही, शेकडो किलोमीटर गेले तरी मनगट दुखत नाही. पण रॅक-पिनियनचा तरतरीतपणा हिच्यात नाही. १९९५ च्या पुढच्या ई-क्लासने रॅक-पिनियनच घेतले. तेव्हा आपली गाडी कितीही दुरुस्त केली तरी आजच्या छोट्या गाडीसारखी चटकन वळणार नाही, हे आधीच मान्य करावे. पुतण्याने फोनवर सुचवले होते, "काका, छोटं स्पोर्टी चाक बसवा, झटपट वळेल." चाक लहान केले म्हणून आतले दाते बदलत नाहीत, फक्त हाताला जोर जास्त लागतो. म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने ओरडून सांगितले म्हणून त्याचे कान सुधारत नाहीत, तसेच ते.

आणि त्या स्क्रूचे रहस्य. गाडीचे जवळजवळ सगळे आयुष्य सरळ जाण्यात जाते. म्हणून बॉक्समधले दाते मधल्या जागी सर्वांत जास्त झिजतात, कडेला फारसे नाही. बॉक्स आवळायचा तो चाके अगदी सरळ ठेवून, स्क्रूचा आठवा हिस्सा फिरवून, पुन्हा तपासून. चाक वळवलेले असताना आवळले किंवा जास्त आवळले, तर मध्यावर दाते एकमेकांत रुततात. मग वळणानंतर चाक परत येत नाही. एरवी ते परत येते, कारण पुढच्या चाकांचा आस थोडा मागे कललेला असतो. या गाडीत हा कल दहा अंशांच्या आसपास, म्हणजे पुष्कळच. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो आणि हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तोच न्याय. गाडीला स्वतःहून सरळ व्हायचे असते. मी तिची मान इतकी घट्ट धरली होती, की घाटात तिला ते करता आले नाही.

मिस्त्रींनी क्रम ठरवला होता आणि तो मोडू दिला नाही. आधी टायर, १९५/६५ आर १५, गाडीच्या मूळ मापाचे. त्यातले ६५ म्हणजे टायरच्या रुंदीच्या पासष्ट टक्के उंचीची रबरी भिंत, आणि ती भिंत मऊ पडली तर चाकाचा निरोप तिथेही थबकतो. हवेचा दाब पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलाय तेवढाच, गॅरेजवाल्याच्या अंदाजाने नाही. मग आयडलर आर्म, टाय रॉड, कपलिंग, डॅम्पर. खालच्या आर्मचे रबरी बुश चिरलेले, तेही बदलले. स्टेअरिंगचे तेल काळे झाले होते. ते आणि टाकीतला छोटा फिल्टर बदलला. हे सगळे झाल्यावर त्यांनी माझा आवळलेला स्क्रू सैल केला, पार सैल, आणि मग चाके सरळ ठेवून हळूहळू आत घेतला. अलाइनमेंट अगदी शेवटी. त्या वेळी पुढच्या दोन चाकांमध्ये एक दांडा अडकवून चाके किंचित फाकवली. मी कारण विचारले. "धावताना चाकं फाकतात. मग उभ्या गाडीत नुसती कशाला मापायची? धावताना जशी असतील तशी करून मापायची." पुढे कळले की मर्सिडीजची मूळ पद्धतही तीच आहे.

शेवटी मी चाकावर बोट ठेवून पाहिले. दोन बोटांची ढील होती, ती अर्ध्या बोटावर आली होती. मी म्हणालो, "मिस्त्री, एवढी अर्धी का ठेवली?"

ते हसले. "आट बेकु," म्हणाले, आणि मग मराठीत, "खेळ पाहिजे काका. अजिबात खेळ नाही ते चाक नाही, खुंटी."

आट म्हणजे खेळ. इंग्रजीत प्ले, कन्नडात आट, मराठीत ढील. पतंगाला देतो ती. मराठीतले आटे मात्र स्क्रूचे, घट्ट धरून ठेवणारे. त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच शब्द एका भाषेत पकडत होता आणि दुसरीत मोकळे सोडत होता, याची मला गंमत वाटली. आमच्या भागातल्या घरांना हे समजावून सांगायला नको. ज्या गावात दुकानाची पाटी, शाळेचा दाखला आणि बसवरचे अक्षर यांवरून हयात गेली, तिथे माणसे दोन बोटांची ढील अंगात बाळगूनच जगत आली. मराठीचा आग्रह कोणी सोडला नाही, सोडूही नये. पण शेजारच्या काकूंकडून चटणी मागताना 'स्वल्प' म्हणायला कोणाची जीभ अडली नाही. ढील फार झाली तर आपण आपले राहत नाही, हे खरेच. पण एकदम आवळले तर वळणावर काय होते, ते मी चोर्ल्याच्या घाटात पाहिले आहे. असो.

गाडी घरी आणली. वहिनींना सगळे सांगितले. बुश, टाय रॉड, डॅम्पर. आणि सात-आठ वर्षांचेही सांगितले. ते सांगताना माझा आवाज नीट नव्हता. त्या परातीत कणीक मळत होत्या. हात थांबला नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ते भाकरी थापायचे कधी कधी रविवारी. हौस होती. थरथरणाऱ्या हातानं भाकरी गोल होते होय?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला कोण विचारलं?"

यावर मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "चाक किती घट्ट धरायचे ते, तुमच्यासारखंच. मी म्हणायची, कणीक मळताय की गाडी चालवताय?"

वहिनींनी पुण्यात मारुती ८०० पुष्कळ वर्षे चालवली होती. या गाडीला मात्र दादांनी कधी हात लावू दिला नाही. मोठी गाडी, जड गाडी, तुला झेपणार नाही. आम्हा भावांचे या बाबतीत एकमत होते, कारण मलाही ते कधी सुचले नव्हते. २०२३ च्या मार्गशीर्षात पुन्हा गोव्याला जायचे ठरले, तेव्हा मी विचारले, "याल ना गाडीनं?" त्या म्हणाल्या, "येईन. पण जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत मी चालवीन."

जांबोटीला आम्ही जागा बदलल्या. सदुसष्ट वर्षांच्या वहिनी, नऊवारी नव्हे पण पदर खोचलेला, सीट पुढे ओढून बसल्या. चौदाशे किलोच्या आसपासची गाडी अंगणातून निघावी तशी निघाली. दोन्ही बाजूंना झाडी, सकाळचे ऊन रस्त्यावर सांडलेले. पहिला मैलभर माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मग माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. चाक त्यांनी धरले नव्हते, नुसता हात ठेवला होता. वळण आले की तळवा किंचित दाबायच्या आणि वळण संपले की चाकाला जाऊ द्यायच्या. चाक त्यांच्या हाताखालून घसरत आपले आपण सरळ होत होते. मी तीन आठवडे बाकावर बसून जे शिकलो, ते त्यांना बहुधा परातीपुढे बसून आधीच येत होते.

कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी गाडी थांबली. आम्ही उतरून हातपाय धुतले. घाट पुढेच होता आणि घाटात मी चालवायचे असे ठरले होते. मी किल्लीसाठी हात पुढे केला. वहिनींनी ती माझ्या तळव्यावर ठेवली आणि क्षणभर तिच्यावर आपली बोटे तशीच राहू दिली.

"घाट उतरलो की परत द्या," त्या म्हणाल्या. "ह्यापुढे ती माझ्याकडे राहील."